मंजुरी आणि खरेदीखत यांच्या मधले दिवस

(जालना औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेचा विषय पगारवाढीचा नाही आणि बोनसचाही नाही. घर घेण्यासाठी काढलेले कर्ज मंजूर झाल्यानंतर, परंतु खरेदीखत होण्यापूर्वी, धनको बदलता येतो काय, बदलावा काय आणि बदलायचा तर कोणत्या क्रमाने, एवढाच आजचा विषय आहे. तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण वेतनकरारात महिना हजार रुपये वाढवून घेण्यासाठी आपण वर्ष वर्ष झगडतो, निदर्शने करतो, प्रसंगी संप करतो. आणि तेच हजार रुपये कर्जाच्या व्याजातील एका टक्क्याच्या फरकाने वीस वर्षे दरमहा आपल्या खिशातून जातात, तेव्हा साधा प्रश्न विचारायलाही आपल्यापैकी कोणी उभा राहत नाही. ज्या कागदावर सही करताना हे घडते, तो कागद आपण वाचलेलाही नसतो.

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो. व्यापारी पेठेच्या वैभवाची ती म्हण आहे. पुढे 1964 साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू झाली, 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला, आणि भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या कारखान्यांनी या गावाचे नाव बांधकामाच्या प्रत्येक बाजारात पोहोचवले. दूरदूरच्या इमारतींच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. ती सळई ज्यांनी भट्टीसमोर उभे राहून तयार केली, त्यांच्यातील किती जण स्वतःच्या छताखाली राहतात, हा प्रश्न मी येथे विचारणार नाही. उत्तर आपल्याला ठाऊक आहे. जे थोडे लोक हिंमत करून घर घ्यायला निघाले आहेत, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. एका कामगाराने 18 लाखांचे घर ठरवले आणि त्यासाठी 15 लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने मागितले, असे उदाहरणादाखल धरू. व्याजाचा दर 8.5 टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे 13,017 रुपये होतो. दर 9.5 टक्के असेल तर तोच हप्ता सुमारे 13,982 रुपये होतो. महिन्याला 965 रुपयांचा फरक. दर कायम राहिले तर वीस वर्षांत सुमारे 2 लाख 31 हजार रुपये. आणि ज्याला पगाराची पावती मिळत नाही, ज्याचा पगार ठेकेदार रोखीने देतो, त्याला बँकेच्या दारातून परत फिरावे लागते; मग एखाद्या गृहवित्त कंपनीकडून 11.5 टक्क्यांनी कर्ज घ्यावे लागले, तर हप्ता 15,996 रुपयांवर जातो. पहिल्या माणसाच्या तुलनेत त्याने त्याच घरासाठी सुमारे 7 लाख 15 हजार रुपये अधिक मोजलेले असतात. घर तेच, विटा त्याच, सळईही तीच. ज्याची मिळकत अधिक अनिश्चित, त्याच्याकडून अधिक व्याज घ्यायचे, या न्यायाला सभ्य भाषेत 'जोखमीचे मूल्य' म्हणतात.

आता कोणी म्हणेल, आज मिळेल ते कर्ज घ्यावे, पुढे स्वस्त मिळाले की बदलावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास 2011 साली राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना आणि 2012 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केली. ऋणकोच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. इंग्लंडातील स्थिती याहून वेगळी आहे. तेथे व्याजदर बहुधा दोन किंवा पाच वर्षांसाठी पक्का केला जातो आणि त्या मुदतीत कर्ज फेडले तर भुर्दंड बसतो. म्हणून तेथील घर घेणारा खरेदी पुरी होण्याच्या आधीच, हातात एका धनकोचे पत्र असताना, दुसरीकडे दर उतरले आहेत काय हे पाहत असतो. सप्टेंबर 2022 मध्ये तेथील सरकारच्या अर्थसंकल्पी घोषणांनंतर बाजार असा कोसळला की, काही दिवसांतच धनकोंनी शेकडो कर्जयोजना मागे घेतल्या. ज्यांच्या हाती आधीचे पत्र होते ते तरले. (1775 साली बर्मिंगहॅममध्ये पहिली ज्ञात गृहबांधणी मंडळी निघाली, तेव्हा सभासदांच्या वर्गणीतून एकेकाचे घर उभे करायचे, असा तिचा सरळ व्यवहार होता. त्या साध्या व्यवहाराचे पुढे काय झाले, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

आपल्याकडे दंड नाही, हे खरे. परंतु दंड नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. कर्ज एकदा उचलल्यानंतर धनको बदलायचा म्हणजे नव्या धनकोचे प्रक्रिया शुल्क, पुन्हा वकिलाचा अहवाल, पुन्हा मूल्यांकन, स्वामित्वाची कागदपत्रे ठेवून केलेल्या नव्या गहाणावर पुन्हा मुद्रांक शुल्क, आणि दुय्यम निबंधकाकडे त्या गहाणाची सूचना तीस दिवसांत दाखल करण्याची पुन्हा धावपळ. जुन्या धनकोकडून कागदपत्रांची यादी व थकबाकीचे पत्र मिळवण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा वेगळ्या. त्या प्रत्येक खेपेला एक पाळी बुडते. याउलट, कर्ज मंजूर झाले आहे पण एक रुपयाही उचललेला नाही, अशा अवस्थेत धनको बदलला तर बहुतांशी पहिल्याचे प्रक्रिया शुल्क तेवढे पाण्यात जाते. 15 लाखांवर ते अर्धा टक्का धरले तर 7,500 रुपये, आणि त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर मिळवून 8,850 रुपये होतात. मघाचा 965 रुपयांचा फरक लक्षात घेता दहा महिन्यांच्या आत ही रक्कम भरून निघते. मंजुरी आणि पहिली उचल यांच्यामधले हे दिवस म्हणजे ऋणकोचा हात वर असण्याचा एकमेव काळ होय. पहिला धनादेश वटला की तो काळ संपतो.

या काळाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी, बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी, म्हणजे बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधली गेली. तो दर मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर चढला आणि 2025 सालच्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत 5.25 टक्क्यांपर्यंत उतरला. तो चढला की सर्वांचा चढतो, उतरला की तीन महिन्यांच्या आत सर्वांचा उतरला पाहिजे. त्यावर आपला अधिकार नाही. परंतु त्या दरावर बँक स्वतःची जी जोड लावते, जिला बँकेचे लोक 'स्प्रेड' म्हणतात, ती प्रत्येक ऋणकोची वेगळी असते. ती पहिल्या दिवशी ठरते आणि पुढे आपण न मागता ती कमी होईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. घासाघीस करायची ती या जोडीवर. एजंट 'साहेब, दर अमुक टक्के' एवढेच सांगतो. त्याला विचारले पाहिजे की, यातला रेपो किती आणि तुमची जोड किती. गृहवित्त कंपन्यांना तर हा बाहेरचा मानदंड बंधनकारकच नाही. त्या स्वतःचा मूळ दर स्वतः ठरवतात. मोजणाराही तोच आणि तराजूही त्याचाच.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दोन धनकोंची तुलना करायची तर ती कशावरून? एकाचा दर कमी पण शुल्क जास्त. दुसऱ्याचे शुल्क माफ पण कर्जाबरोबर विम्याचा एकरकमी हप्ता चिकटवलेला, आणि तोही कर्जाच्या रकमेतच मिळवलेला, म्हणजे विम्यावरही वीस वर्षे व्याज. या गोंधळावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये एक उपाय काढला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तो सर्व नव्या किरकोळ कर्जांना लागू झाला. करारापूर्वी प्रत्येक ऋणकोला कर्जाचे 'मुख्य तथ्य विवरण' दिले गेले पाहिजे. त्यात व्याज, शुल्क, विमा, वकील, मूल्यांकन असे सर्व खर्च मिळवून वर्षाचा एकच एकूण दर मांडलेला असतो. त्यात न दाखवलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे वसूल करता येत नाही. ते विवरण ऋणकोला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, म्हणजे आपण मागितले तर मराठीत. आणि आपल्यातील बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या बांधवांसाठी हिंदीत. ते निदान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहते. त्या मुदतीत आपण होकार दिला तर त्यातील अटी धनकोवर बंधनकारक राहतात.

तीन कामकाजाचे दिवस! ज्याने हा नियम लिहिला त्याने पाळीत काम करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला असेल, असे मला वाटत नाही. बँक उघडते तेव्हा आपण भट्टीवर असतो, आणि आपण सुटतो तेव्हा बँकेला कुलूप असते. तरीही नियम आपल्या बाजूचा आहे आणि तो वापरला पाहिजे. 'आत्ताच सही करा, उद्या योजना बंद होते' असे कोणी म्हणाले तर त्याला उत्तर एकच द्यावे: विवरण द्या, मी ते घरी नेऊन वाचणार आहे.

त्याच एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेला आणखी एका गोष्टीबद्दल धनकोंना तंबी द्यावी लागली. काही धनको पैसा प्रत्यक्ष हाती देण्यापूर्वीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावत होते. धनादेशावर तारीख घालून तो कित्येक दिवसांनी ग्राहकाला देत होते आणि व्याज मात्र धनादेशाच्या तारखेपासून मोजत होते. घराच्या खरेदीत हे सहज घडते, कारण विकणाऱ्याच्या नावाचा धनादेश नोंदणीच्या दिवसाची वाट पाहत तयार करून ठेवलेला असतो. कागदाचा तो तुकडा टेबलाच्या खणात झोपलेला असताना त्याचे व्याज मात्र जागे असते. असे व्याज घेतले गेले असेल तर ते परत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. धनको बदलणाऱ्याने हे विशेष तपासावे. नाहीतर ज्याच्याकडून पैसाच घेतला नाही, त्याचेही काही दिवसांचे व्याज हिशेबात निघेल.

एवढे ऐकून उद्या सकाळी कोणी पहिले मंजुरीपत्र फाडून दुसऱ्या बँकेकडे धावू नये. कारण या व्यवहारात तिसरा एक पक्ष आहे: घर विकणारा. त्याला आपण इसारा दिला आहे, साठेखतात उरलेली रक्कम देण्याची मुदत लिहिली आहे, आणि मुदत चुकली तर इसारा जप्त, असे कलमही बहुधा त्यात आहे. एक लाख इसारा बुडाला तर 965 रुपयांची बचत त्यापुढे काय टिकणार? तेव्हा क्रम असा असला पाहिजे की, दुसऱ्या धनकोचे मंजुरीपत्र, आणि केवळ पगारावर आधारलेले नव्हे तर त्याच घराच्या कागदपत्रांचा वकिली अहवाल व मूल्यांकन पुरे झालेले मंजुरीपत्र, हाती येईपर्यंत पहिले सोडायचे नाही. मूल्यांकनात घराची किंमत कमी धरली गेली तर कर्जही कमी मिळते, आणि तो खड्डा ऐनवेळी भरायला मग पुन्हा सावकार. साठेखत करतानाच मुदत जरा सैल मागावी आणि 'कर्ज नाकारले गेल्यास इसारा परत' ही ओळ घालून घ्यावी. विकणारा नेहमीच कबूल होतो असे नाही. पण मागितल्याशिवाय तर कधीच होत नाही. आणखी एक पथ्य म्हणजे पाच ठिकाणी अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी पतनोंदीत उमटते आणि हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतो आहे, असा तिचा अर्थ लावला जातो. वर्षातून एकदा आपला पतअहवाल प्रत्येक पतसंस्थेकडून, म्हणजे पतमाहिती कंपनीकडून, विनामूल्य मिळतो. तो आधी पाहावा, चुका असतील तर दुरुस्त करून घ्याव्यात आणि मग दोन, फार तर तीन ठिकाणी जावे.

विकणाऱ्याच्या घरावर त्याचेच जुने कर्ज असेल तर प्रकरण अधिक नाजूक होते. त्याचे मूळ कागद त्याच्या बँकेत अडकलेले असतात. अशा वेळी त्याच बँकेतून कर्ज घेणे सोपे, म्हणून ती बँक निश्चिंत असते आणि दरही सोडत नाही. दुसरीकडे जायचे तर नव्या बँकेने आधी त्याचे कर्ज फेडायचे आणि कागद सुटण्याची वाट पाहायची. पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत कागदपत्रे परत करणे आणि विलंब झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई देणे 1 डिसेंबर 2023 पासून बंधनकारक आहे. तरी ते तीस दिवस आपल्या साठेखताच्या मुदतीत बसतात काय, हे बोटांवर मोजून पाहिले पाहिजे.

आपल्या भागाच्या दोन खास अडचणी आहेत. औद्योगिक विकास महामंडळाची जमीन मालकीने मिळत नाही. ती साधारणतः 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. अशा जमिनीवरील घर गहाण टाकायचे तर महामंडळाची संमती लागते, आणि ती संमती विशिष्ट धनकोच्या नावे असते. धनको बदलला की संमतीपत्रही नवे आणावे लागते. ज्यांचा व्यवहार अशा जागेचा आहे त्यांनी हा वेळ आधीच धरावा. दुसरी अडचण गुंठेवारीची. मराठवाड्यातील शहरांभोवती गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे मुद्रांकाच्या साध्या कागदावर विकले गेले. त्यांच्या नियमितीकरणासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा झाला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या तुकड्यांसाठी वाढवली गेली. ज्या तुकड्याचे नियमितीकरण झालेले नाही, त्यावर बँका कर्ज देत नाहीत. अशा जागेवर जो धनको चटकन कर्ज देऊ करतो, तो दुसरा धनको येणार नाही हे ओळखूनच देतो, आणि त्याच्या दरात ते स्पष्ट दिसते. येथे धनको बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी कागद बदलले पाहिजेत.

सरकारी अनुदानाविषयी एक सूचना. 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानाचा एक भाग आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, आणि कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नाही, अशांना पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत मिळण्याची त्यात तरतूद आहे. ते धनकोच्या मार्फत मिळते. म्हणून नव्या धनकोने या योजनेचा करार केलेला आहे काय, हे विचारल्यावाचून जुना सोडू नये. पाव टक्क्याच्या मोहाने पावणेदोन लाख घालवणे परवडणारे नाही.

मित्रहो, हे सगळे एकट्या कामगाराने करायचे म्हणजे त्याने नोकरी सोडून हेच करायला हवे. बिल्डरचा ठरलेला धनको, त्याचा दलालीवर जगणारा एजंट, त्यांच्या हातातील छापील इंग्रजी कागद, आणि यांच्यापुढे दोन पाळ्यांच्या मध्ये तासभर मोकळा झालेला माणूस, असा हा सामना आहे. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा बँकेचे दार सामान्य माणसाला उघडेल, अशी आपल्या पिढ्यांची अपेक्षा होती. दार काही प्रमाणात उघडलेही. परंतु आत गेल्यावर भाव कसा करायचा, हे कोणी शिकवले नाही. संघटनेने ते काम हाती घ्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. कोणाला कोणत्या धनकोने कोणत्या महिन्यात किती जोड लावली आणि मुख्य तथ्य विवरणातील वार्षिक एकूण दर किती निघाला, याची नावे वगळून केलेली एक वही कार्यालयात ठेवावी. आठवड्यातून एका संध्याकाळी, पाळी बदलण्याच्या वेळेला, कागद वाचू शकणारे दोघे तेथे बसावेत. आणि एकाच महिन्यात घर घेणारे दहा जण असतील तर त्यांनी दहा अर्ज एकत्र घेऊन शाखाधिकाऱ्यासमोर जावे. वेतनकराराच्या टेबलावर जे आपण जाणतो ते येथेही लागू आहे: एकट्याला दर सांगतात, दहा जणांना विचारतात.

काही बांधवांनी सभेपूर्वी मला विचारले की, आमची उचल झाली, खरेदीखत झाले, आता काय? त्यांनी प्रथम स्वतःच्या धनकोकडेच लेखी अर्ज करून नव्या ग्राहकाला आज लागणारी जोड मागावी; थोड्या रूपांतर शुल्कात ती बऱ्याचदा मिळते. नाकारली तर नव्या धनकोचा सर्व खर्च मांडून, तो किती महिन्यांत भरून निघतो हे काढावे. कर्जाची पंधरा-सोळा वर्षे उरली असतील तर बदल अजूनही फायद्याचा ठरू शकतो. तीन-चार वर्षेच उरली असतील तर व्याजाचा मोठा भाग आधीच देऊन झालेला असतो, आणि धावपळ करण्यात फारसे हाती लागत नाही. आपापली विवरणे व हप्त्यांची पत्रके पुढच्या बैठकीला घेऊन या; ती उघडून एकेकाचा हिशेब मांडू.